तक्त्यात नसलेला रंग

२ मार्च

चि. मुलीस आशीर्वाद.

तक्ता सोबत आहे. तापमान सव्वीस, खारटपणा पस्तीस, रंग तिघींचाही पाच. तू सांगितलंस तसं सकाळी दहाला, खिडकीचा पडदा ओढून, रंगपट्टी काचेला टेकवून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाचच.

तक्त्याखेरीज काही लिहू नका, अशी तुझी सूचना आहे, ती माझ्या ध्यानात आहे. पण तुमच्या बेटावरच्या केंद्राच्या मोठ्या बाईंचं पत्र आलं. पंचवीस एप्रिलला तू स्वतः येऊन पोवळ्याचे तिन्ही तुकडे घेऊन जाणार, असं त्या लिहितात. मला वाटलं होतं, कोणी माणूस पाठवाल. चार वर्षं तुझी गाठ नाही, अक्षर पाहिलं तेही तक्त्याच्या कामापुरतं, आणि आता तू स्वतः येणार म्हणजे माझं कशात लक्ष लागेना. तू आत येशील की दारातूनच डबा घेऊन जाशील, ते बाईंनी लिहिलेलं नाही. मी विचारतही नाही. मुक्काम करणार असशील तर गादीला ऊन दाखवायला हवं. आणि नसशील तर गादी उगाच बाहेर काढलेली दिसेल, आणि तुला वाटेल मी तुला अडकवायला बघतो.

दुसरं म्हणजे, बेटावर तुमच्या टाक्यांत साथ आली आणि तिथले सगळे तुकडे गेले, हेही बाईंनी आत्ता सांगितलं. म्हणजे समुद्रातल्या ज्या प्रवाळ खडकावरून ते आणले तो तर मेलाच, आणि त्याचे आता जगात एवढे तीनच, माझ्या घरात, तुझ्या आईच्या खोलीत. हे आधी सांगितलं असतं तर मी टाकी घेतलीच नसती. मत्स्यालयात एकतीस वर्षं टाक्या सांभाळल्या म्हणून बाईंनी तुझं मन वळवून हे माझ्याकडे दिलं, हे मला ठाऊक आहे. तुझ्या मनात नव्हतं, हेही ठाऊक आहे. आता पाण्यात बुडबुडा वेगळा वाजला तरी मी जेवणावरून उठतो.

मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो. तक्त्यात मात्र तुझे क्रमांकच लिहितो.

एक सांगतो, रागावू नकोस. तिघी फार मळकट दिसतात. चहाचं फडकं धुवायचं राहिलं की दिसतं तशा. तुझ्या रंगपट्टीवर सहाच्या सहा चौकोन तपकिरी, पहिला सगळ्यांत फिका आणि सहावा सगळ्यांत गडद. पाच म्हणजे उत्तम, असं तू लिहिलंस म्हणून मान्य. पण माणूस लांबून येतं ते तपकिरी बघायला का? पाहुणे यायचे तर टाकी तयार ठेवायची, ही माझी जुनी सवय. त्याचं मी बघतो.

बोटीत सांभाळून बस.

तुझे वडील

१८ मार्च

चि. मुलीस आशीर्वाद.

तक्ता सोबत. तापमान सव्वीस, खारटपणा पस्तीस, रंग पाच.

प्रकृती उत्तम आहे. तू विचारलेलं नाहीस, तरी कळवून ठेवतो.

रंगाच्या रकान्याबद्दल थोडं लिहायला हवं. पाच लिहिलं आहे, पण ते मागच्या वेळचं आहे. आता जे दिसतं त्याला तुझ्या पट्टीवर चौकोनच नाही. थोरली टोकांना जांभळी होत चालली आहे. मधली गुलाबी. धाकटी तर कच्च्या लिंबासारखी, आणि दिवा कलता केला की आतून पेटल्यासारखी दिसते. मी खुर्ची ओढून समोर बसतो ते पाठ धरेपर्यंत उठत नाही.

खालच्या मजल्यावरची शिंपीण माझा सदरा द्यायला वर आली होती. नवा शिवून घेतला आहे, तू येणार म्हणून, निळा. ती टाकीसमोर उभीच राहिली.

“अगं बाई! काका, तुमच्या लेकीचे दगड नटले की!”

“दगड नाहीत ते. जनावर आहे,” मी म्हटलं.

“जनावर असेल तर वरात निघालीय जनावराची. आणि तुम्ही पण काही कमी नाही. केस कधी काळे केले? मला वाटलं दुसऱ्याच कोणी दार उघडलं.”

म्हणजे केसांचं तुला आता कळलंच. कळलं तर कळलं. तू मला पाहिलंस तेव्हा अर्धे काळे होते, म्हणून मी तेवढ्यापर्यंत आणायला गेलो आणि सगळेच झाले. शिंपीण म्हणते, बुटाचं पॉलिश लावलंत का.

तर तू काळजी करू नकोस. तुकडे असे सुरेख दिसताहेत की मोठ्या बाईंनाही नवल वाटेल. फक्त मला मधेच उगाच शंका येते. पट्टीवर हे रंग का नसावेत? तुम्ही एवढी शिकलेली माणसं. गुलाबी छापायचा राहिला असेल, असं मी स्वतःला सांगतो.

एक दिवा जास्त लावला आहे. किंचितच.

तुझे वडील

३० मार्च

मुली,

हे पत्र टाकीन की नाही, माहीत नाही. तक्ता कोरा आहे.

काल सकाळी धाकटीच्या बुंध्याशी पाहिलं तर हिरव्याच्या आत पांढरं दिसतं. दुधाच्या दातासारखं. अंग काचेसारखं झालं आहे आणि आतलं हाड दिसतं. मधलीचंही तसंच. थोरलीचा जांभळा अजून दाट आहे, पण आता मला त्या जांभळ्याचीच भीती वाटते.

मग तुझी पुस्तिका शोधली. टाकीबरोबर आलेली, तू पाहुण्यांसाठी लिहिलेली, प्रवाळाला रंग कशासाठी म्हणून. मी ती वाचली नव्हती. मिठाच्या डब्याचं झाकण ढिलं आहे, त्यात कोंबली होती. पानं खारट होऊन चिकटली होती. वाफेवर धरून सोडवली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचली. तुला माहीत आहे, माझी शाळा सातवीत सुटली. पण तू सोपं लिहिलं आहेस. मला सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं होतं.

तू लिहिलंस, तपकिरी रंग प्रवाळाचा नाहीच. त्याच्या अंगात शेवाळाचे बारीक भाडेकरू राहतात, त्यांचा आहे. ते उन्हावर अन्न शिजवतात आणि घरमालकाला देतात. उथळ पाण्यात ऊन फार, तिथे प्रवाळ रंगांचा मांडव घालून त्यांना जपतं. खोल पाण्यात उजेड अपुरा, तिथे दुसरे रंग असतात, ते आलेला उजेड बदलून भाडेकरूंना सोसेल, पचेल असा करून देतात. म्हणजे रंग आपल्यासाठी नाहीत. आपण काचेबाहेरचे. मी एकतीस वर्षं काचेबाहेर उभा राहून लोकांना सांगत होतो, बघा, तुमच्यासाठी फुललंय.

आणि पुढचं पान. ते मी जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे मला चुकवता येणार नाही.

‘पाणी तापले की भाडेकरू घर सोडतात. मग पांढऱ्या हाडावरून उजेड उलटा फिरतो आणि आत जास्तच लख्ख होते. उरलेल्यांनाही राहवत नाही. अशा वेळी काही प्रवाळे असतील नसतील तेवढे रंग बाहेर काढतात. त्या दिवसांत ती सर्वांत सुंदर दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, बहरली. खरे तर ती उपाशी असतात, आणि गेलेल्यांना परत येता यावे म्हणून सावली धरून बसलेली असतात.’

वाचून मी पुस्तिका मिटली आणि फोन लावला. फोन करू नका, असं तू सांगितलेलं असूनही लावला. कोणी बाई बोलली. तू पाण्याखाली गेली आहेस, म्हणाली.

“काही निरोप आहे का?”

मी म्हटलं, “काही नाही. सगळं ठीक आहे. सहज केला.”

मग फोन ठेवला. नव्वद वर्षांचा झालो तरी माझी ही खोड जाणार नाही. सगळं ठीक आहे, हे माझ्या तोंडून आपोआप येतं, शिंकेसारखं.

३१ मार्च

मुली,

कालचं आणि आजचं एकाच पाकिटात घालतो आहे. टपालपेटीवर माझा भरवसा नाही, म्हणजे माझा माझ्यावर नाही. पेटीपर्यंत जाऊन परत येईन. म्हणून धक्क्यावर जाऊन बोटीच्या तांडेलाच्या हातात देणार आहे.

काय केलं ते लिहितो.

तुझ्या लहानपणी तू डबा घेऊन मत्स्यालयात यायचीस तेव्हा मोठे पाहुणे यायच्या आधी आम्ही काय करायचो, आठवतं? साहेब म्हणायचे, “रंग काढा.” म्हणजे पंधरा दिवस आधी पोवळ्याच्या टाकीवर जादा दिवे लावायचे आणि पाणी तीन अंश वर न्यायचं. रंग यायचा. माणसं काचेला नाक लावायची. सोहळा झाला की पुरवठादाराची गाडी यायची, जुनी पोवळी काढून न्यायची, नवी ठेवायची. आम्हाला सांगत, दुसऱ्या गावच्या मत्स्यालयात पाठवली. मी मानलं. एकतीस वर्षांत मी रंग येईपर्यंतच पाहिलं. रंग आल्यानंतर काय होतं, ते एकदाही पाहिलं नाही. पाहायची वेळच आमच्यावर येऊ दिली नाही, आणि खरं लिहायचं तर मी विचारलंही नाही.

तू येणार हे कळल्याच्या दिवशी मी दुसरा दिवा टांगला. किंचित नाही, चांगला मोठा. हीटर एकोणतीसवर नेला. तक्त्यात सव्वीस लिहिलं ते खोटं. अठरा तारखेचंही खोटं. पुस्तिका मिटल्याबरोबर दिवा काढला, खिडकीला चादर लावली, हीटर बंद केला. मग वाटलं, एकदम गार पडलं तर? परत लावला. मग वाटलं, चुकतंय. परत बंद. काय करू ते तू लवकर कळव. ते तीनच आहेत, आणि मी त्यांना उपाशी ठेवून नटवलं.

आता दुसरं. पुस्तिकेतलं ते पान मी दहा वेळा वाचलं ते काही पोवळ्यासाठी नाही.

आईचा शेवटचा फोटो तुझ्याकडे असेल. खिडकीशी बसलेली, गुलाबी पोलकं, गालावर लाली. त्याबरोबर मी लिहिलं होतं, आई तजेलदार दिसते, चेहऱ्यावर रंग आला आहे, तू परीक्षा आटोपून सावकाश ये. तू सावकाश आलीस. दोन दिवस उशिरा आलीस. दारातच तू विचारलंस, मला का नाही कळवलं? आणि मी म्हटलं, तिनेच शपथ घातली होती.

तिने शपथ घातली नव्हती.

ती रोज म्हणायची, लेकीला बोलवा. सकाळी औषध देताना म्हणायची, उशी सारखी करताना म्हणायची. मी म्हणायचो, हो, लिहितो. मला वाटायचं, तू परीक्षा सोडून धावत आलीस म्हणजे ती जाणार हे ठरलंच. तू आली नाहीस तोवर काही ठरलेलं नाही. एवढंच माझं शहाणपण. फोटोची कल्पना माझी. गुलाबी पोलकं मी शिंपिणीकडून शिवून आणलं, मागून दोन टाके घालून घट्ट केलं, इतकी ती वाळली होती. ओठांची लाली मी आणली. तिचे हात थरथरत होते, म्हणून तिच्या गालाला रंग मीच लावला. बोटाने, गोल गोल, काच पुसतो तसा. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “कोणासाठी एवढं?” मी म्हटलं, “लेकीसाठी.” तर म्हणाली, “मग तिला बोलवा ना.” आणि फोटोपुरती हसली.

तू चार वर्षं आईवरही राग धरून असशील, तिने असं का केलं म्हणून. तिच्यावर धरू नकोस. तिने केलं नाही.

हे लिहून मला हलकं वाटेल, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. छातीत धडधडतं आहे. बोट अकराला सुटते आणि पावणेदहा झाले. निघतो.

१० एप्रिल

मुली,

तुझा कागद मिळाला. तांडेलाने हाक मारली, “आजोबा, बेटावरून आहे!” तेव्हा मी ते पाकीट घेऊन धक्क्यावरच खोक्यावर बसलो आणि अर्धा तास उघडलं नाही. शेवटी तोच म्हणाला, “फोडा की. बॉम्ब नाही तो.” मी म्हटलं, “तुला काय माहीत.”

माझ्याच तक्त्याच्या पाठीवर लिहिलं आहेस. इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे चूक असेल तर तुला कळेल.

‘हीटर चालू ठेवा. रोज अर्धा अंशच खाली, सव्वीसला थांबा. मोठा दिवा नको. चादर राहू द्या, थोडी फट ठेवा, अंधार नको. पाणी बदलू नका. हात लावू नका, काही पुसू नका. रंग आहे तोवर आशा आहे. रंग जाऊन नुसतं पांढरं उरलं तर लगेच फोन करा, कोणी उचलला तरी खरं सांगा. आईचं वाचलं. त्यावर आत्ता मला लिहिता येत नाही. फोटो माझ्या टेबलावर आहे. बाबा, तेव्हा मी हाच विषय शिकत होते.’

शेवटची ओळ मी शिंपिणीला दाखवली. दाखवायला नको होती, पण मला एकट्याने पेलवेना. तिने दोनदा वाचली. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, “पोलकं मी शिवलं, काका. मलाही माहीत होतं माप कशाने उतरलं ते.” मग तिने नाक पुसलं आणि टाकीकडे बघून म्हणाली, “या बयांना तरी जगवा आता.”

मी तुझ्या त्या ओळीवर काय लिहू? तू विद्यार्थिनी होतीस, आणि मी वडील होतो. ओळखायचं काम तुझं नव्हतं. एवढंच लिहितो. तू ‘बाबा’ लिहिलंस, ते पाहिलं. त्याचा अर्थ मी काढत बसलेलो नाही. म्हणजे बसलो होतो, पण सोडून दिलं.

आजचं तापमान अठ्ठावीस. हे खरं आहे. शिंपिणीला वाचायला लावलं, तिची सही बाजूला घेतली आहे. खारटपणा पस्तीस, तिचीच सही. ती म्हणते, लग्नानंतर एवढ्या सह्या पहिल्यांदाच करते आहे.

रंग: थोरली जांभळी. मधली गुलाबी, फिकट होत चाललेली. धाकटी हिरवी, हाड दिसतं. आकडा टाकलेला नाही.

तुझा बाबा

२० एप्रिल

मुली,

आजच्या बोटीने हे पत्र गेलं तर तू निघायच्या आधी मिळेल. नाहीतर तू इथे आणि पत्र तिथे, असं होईल. तरी लिहितो, कारण तू खरं सांगा म्हणालीस आणि तोंडाने सांगायला मी कितपत धड आहे, ते तुला माझ्या पहिल्या फोनवरून कळलंच असेल.

तापमान सव्वीस, चौदा तारखेपासून. खारटपणा पस्तीस. दोन्हीवर सही आहे.

मधली गेली. परवा तिचा गुलाबी पूर्ण ओसरला आणि काल अंग सुटायला लागलं. मी फोन केला, त्याच बाई होत्या. या वेळी सगळं सांगितलं, क्रमांक दोन, पांढरी, अंग सुटतंय, चूक माझी. त्या म्हणाल्या, चूक कोणाची असा रकाना नाही, आजोबा. निरोप तुला मिळाला असेल. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मधलीला वेगळ्या भांड्यात काढलं, चिमट्याने, हात न लावता. त्या खडकाचे आता दोन उरले, आणि एक मी संपवला. हे मला तुझ्यासमोर म्हणायचं आहे, म्हणून आधीच लिहून सराव करतो आहे.

थोरली जांभळीच आहे, दाट.

धाकटीबद्दल जरा सावकाश वाच. तिच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात, जिथे तिचीच सावली तिच्यावर पडते, तिथे सोमवारी एक ठिपका दिसला. मोहरीएवढा. तपकिरी. माझ्या चष्म्यावर माझा विश्वास नाही, म्हणून शिंपिणीला बोलावलं. ती तर सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते.

ती वाकून बघते आणि म्हणते, “घाण बसलीय काका. पुसून काढा, लेक येतेय.”

“पुसू नका म्हणून लिहिलंय तिने.”

“अहो, पण दिसतंय किती वाईट!”

“दिसू दे,” मी म्हटलं.

आज तो ठिपका मुगाएवढा आहे. पट्टी लावून पाहिली. रंग दोन, फार तर अडीच. पण पट्टीवरचा आहे. घाणही असू शकेल. तू येऊन सांग. तोवर आम्ही दोघंही तिकडे बोट करत नाही.

राहता राहिला मी. तक्त्यात माझा रकाना नाही, म्हणून समासात लिहितो. पायांना सूज आहे, जानेवारीपासून. जिन्यात दोनदा थांबावं लागतं. डॉक्टर म्हणतात हृदय थकलं आहे, गोळ्या चालू आहेत, रोज घेतो असं मी त्यांना सांगतो आणि रोज घेत नाही. अठरा मार्चला प्रकृती उत्तम लिहिलं, ते खोडून हे वाचावं.

निळा सदरा शिंपिणीला परत दिला. नेहमीचा करडा घालीन. केसांचा रंग मात्र काढता येत नाही. मुळाशी बोटभर पांढरे आले आहेत आणि वरचे काळे तसेच आहेत. आरशात बघवत नाही. पण पुन्हा काही लावणार नाही. पंचवीसला दार असाच माणूस उघडेल. दचकू नकोस.

गादीला ऊन दाखवलं आहे.

तुझा बाबा